यादी सरली का?

2023 च्या खरीप हंगामात गोंदिया जिल्ह्यातल्या एका धान खरेदी केंद्रासाठी मी एक छोटंसं ॲप करून दिलं. सरकारी नोंदणीशी त्याचा संबंध नव्हता. केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या भिंतीवर नोंदणी झालेल्या शेतकऱ्यांची यादी चिकटवलेली असायची, तीच लोकांना घरबसल्या पाहता यावी, एवढाच हेतू. नाव, गाव आणि मोजणीचा क्रमांक. काम दोन आठवड्यांचं, पैसे जवळपास नाहीतच. सचिव ओळखीचे होते आणि आमचंही गाव त्याच पट्ट्यातलं.

डिसेंबरात केंद्रावर गेलो तेव्हा अर्जुनी मोरगावकडच्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावातले काका भेटले. त्यांनी वेळेत नोंदणी केली होती, सातबारा दिला होता; पण ॲपवर त्यांना नाव दिसेना. आठ दिवस ते रोज फोन उघडून पाहत राहिले. मग निम्मा धान गावातल्या व्यापाऱ्याला देऊन मोकळे झाले. त्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2183 रुपये होता. व्यापाऱ्याने काय भाव दिला हे मी विचारलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही, हे जास्त खरं.

भिंतीवरच्या यादीत त्यांचं नाव होतं. ॲपमध्येही होतं, 74 व्या क्रमांकावर. केंद्रावरच्या रेंजमध्ये त्यांच्याच फोनवर ते मिनिटभरात सापडलं. झालं होतं असं, की माझं ॲप सगळी यादी एकदम आणत नव्हतं. वीस नावं आणायचं, माणूस बोटाने वर सारत खाली पोचला की पुढची वीस आणायचं. काकांच्या गावात रेंज दोन-तीन घासांपुरतीच यायची. चाळीस, कधी साठ नावं आली की पडदा तिथेच थांबायचा. खाली पांढरी जागा. त्या जागेत मी काहीच लिहिलेलं नव्हतं.

काका रागावले नाहीत. फोन खिशात ठेवता ठेवता एवढंच म्हणाले, "यादी सरली का तुमचं नेट सरलं, हे मले कोन सांगल जी?"

ॲप बनवणाऱ्यांच्या भाषेत मी जे विसरलो होतो त्याला 'फूटर' म्हणतात. यादीच्या तळाशी येणारी एक ओळ. आमच्या धंद्यात ती सजावटीत मोडते. वेळ उरला तर करायची गोष्ट. काकांच्या प्रश्नानंतर मला ते तसं वाटेनासं झालं. कुणाला यादी दाखवणं म्हणजे त्याला काही सांगणं असेल, तर ती यादी कुठे संपली हे सांगणंही माझं देणं लागतं का? आणि न सांगणं ही फक्त विसरभोळेपणाची चूक, की त्याहून काही जास्त?

कागदावर हा प्रश्न फारसा पडत नाही, असं वाटतं खरं. कागदाला कडा असते. पण कागदाचा व्यवहार करणाऱ्यांनी कडेवर कधीच भरवसा ठेवला नाही. धनादेशावर अक्षरी रक्कम लिहिली की पुढे 'फक्त' किंवा 'मात्र' लिहायचं. हजेरीपटावर शेवटच्या नावाखाली रिकाम्या ओळी उरल्या तर त्यांवर आडवी-तिडवी रेघ मारायची. यादीखाली 'एकूण', आकडा, सही. हे सगळं शेवट दाखवण्यासाठीच आहे, आणि त्यामागे दोन वेगळ्या भीती आहेत: कुणी नंतर काही घुसवेल ही एक, आणि कुणी मधलंच पान काढून घेईल ही दुसरी. मोबाईलच्या यादीत दुसरी भीती रोज खरी होते, कुणीही चोर नसताना.

आपल्या भाषेत याची एक जुनी खूण शिल्लक आहे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण वर्तमानपत्रात रोज वाचतो आणि तो एकच शब्द आहे असं समजतो. त्यातला शिक्का वेगळा, मोर्तब वेगळं. शिवकालीन राजपत्रं पाहिली तर माथ्याशी राजमुद्रा असते आणि मजकूर जिथे संपतो तिथे एक दुसरी, लहान मुद्रा उमटवलेली असते: 'मर्यादेयं विराजते'. पत्राची मर्यादा इथे आहे, याच्यापुढे जे असेल ते आमचं नाही, असा तिचा अर्थ. हेच मोर्तब. पेशवाईत त्या जागी 'लेखनसीमा' येते. मला यात विशेष वाटतं ते असं, की पत्र कुणाचं हे सांगायला एक मुद्रा पुरली असती. पण त्या लोकांनी सुरुवातीइतकाच शेवटही अधिकाराचा मानला. पत्र संपलं हे कारकुनाच्या शाईवर किंवा वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडलं नाही. ज्याचं पत्र त्यानेच ते संपल्याचं सांगायचं.

पोथ्यांचंही तेच. ज्ञानेश्वरी पसायदानाशी संपते असं आपण म्हणतो, पण शेवटच्या ओव्यांत शके 1212 हे साल आहे आणि ती लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांचा उल्लेखही आहे. काय संपलं, कधी संपलं, कुणाच्या हाताने उतरलं. नकलकारांनी शतकानुशतकं पोथ्यांच्या तळाशी अशा ओळी लिहिल्या. शेवटचं पान फाटलेली पोथी हातात आली की अभ्यासक हळहळतो ते त्या पानावरच्या मजकुरासाठी तर असतंच. त्याहून जास्त यासाठी, की आता आपल्या हातात आहे ते पूर्ण आहे की नाही हे सांगणारं कुणी उरलं नाही.

आता यंत्राकडे येऊ. अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीत यादीला फूटर जोडायची एक तयार सोय होती. 2014 मध्ये नवी, जास्त वेगवान पद्धत आली आणि तिच्यात ती सोय नव्हती. मग सगळे जे करतात ते मीही केलं: यंत्राला सांगितलं की यादीत एक नाव जास्त आहे, आणि त्या जास्तीच्या जागेची वेळ आली की नावाऐवजी 'यादी संपली' ही ओळ दाखव. म्हणजे यंत्राच्या हिशेबी शेवट असा काही नसतोच. शेवट हाही त्याला यादीतलाच एक जिन्नस म्हणून मोजून द्यावा लागतो. या गडबडीत अर्धा दिवस ॲपच्या माथ्यावर 'एकूण 214 शेतकरी' असं झळकत राहिलं, आणि सचिवांचा फोन आला: "हा दोनशे चौदावा कोण हो?"

ती चूक हसण्यावारी गेली. पुढची गेली नाही.

फूटर बसवल्यावर चार दिवसांनी मी मुद्दाम काकांच्या गावी गेलो. त्यांच्या ओसरीवर बसून त्यांच्याच फोनवर यादी उघडली. चाळीस नावं आली आणि खाली, ठळक अक्षरांत, 'यादी संपली'.

कारण साधं होतं आणि पूर्णपणे माझं होतं. पुढची नावं मागवली आणि एकही आलं नाही, तर यादी संपली असं समजायचं, असं मी लिहिलं होतं. आणि त्याच्याही आधी, ॲप मध्येच बंद पडू नये म्हणून, नेट तुटलं तर एक रिकामी यादी परत द्यायची, असंही मीच लिहून ठेवलं होतं. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या पाहिल्या तर समंजस आहेत. एकत्र आल्या की तुटलेलं नेट आणि सरलेली यादी यांच्यात फरकच उरत नाही. 'आलं नाही' याचं 'नाही' झालं.

आधी ॲप गप्प होतं. आता ते ठामपणे खोटं सांगत होतं. आणि मला तिथे ओसरीवर जाणवलं की पहिली चूक या दुसरीपेक्षा सौम्य होती. पांढरी जागा पाहून काकांना निदान शंका तरी आली होती. शंका आली म्हणून ते आठ दिवस पुन्हा पुन्हा पाहत राहिले, म्हणून केंद्रावर येऊन भांडायला नाही तरी विचारायला आले. हे फूटर पहिल्यापासून असतं, तर ते पहिल्याच संध्याकाळी थांबले असते आणि सगळाच धान गेला असता. शेवट न सांगणं माणसाला अधांतरी ठेवतं. चुकीचा शेवट त्याला घरी पाठवतो.

अश्वत्थाम्याची गोष्ट आपण युधिष्ठिराच्या अर्धसत्याची म्हणून सांगतो. लहानपणी मला वाटायचं, यात त्याचं काय चुकलं? वाक्य तर त्याने पूर्ण उच्चारलं. हत्ती, असंही म्हणाला. फक्त वाक्याचा शेवट हळू आवाजात होता आणि वरून शंख वाजले. द्रोणांच्या कानावर जे पडलं ते वाक्याचं पहिलं पान होतं आणि त्यांनी ते पूर्ण समजून शस्त्र ठेवलं. रथ जमिनीला टेकला तो उच्चारलेल्या शब्दांसाठी टेकला नसावा. ऐकणाऱ्याला वाक्य संपल्यासारखं वाटू दिलं, त्यासाठी टेकला असावा. माझ्या बाबतीत शंख कुणी वाजवले नव्हते. टॉवर लांब होता, इतकंच. पण टॉवर लांब आहे हे मला माहीत होतं. मी त्याच पट्ट्यातला आहे.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो माझ्या एका सहकाऱ्याने लगेच घेतला. एवढी यादी सारत बसायची गरजच काय? वर शोधायची चौकट दे, नाव टाकलं की उत्तर. चौकट मी दिली, पण तिने प्रश्न सुटत नाही, फक्त जागा बदलतो. 'नाव सापडलं नाही' याचेही तेच दोन अर्थ: नाव नाही, किंवा मला शोधता आलं नाही. त्यात आपल्याकडे टेंभुर्णे एके ठिकाणी ऱ्हस्व, एके ठिकाणी दीर्घ. बापाचं नाव आधी की आडनाव आधी, हे ज्याने भरलं त्याच्या मर्जीवर. शिवाय यादी ही फक्त स्वतःचं नाव पाहायला कुणी वाचत नाही. आपल्या आधी कोण आहे, शेजाऱ्याचा नंबर कितवा, ज्याच्याकडे एक एकर नाही त्याचं नाव इतक्या वर कसं, हेही लोक पाहतात आणि पाहायलाच हवं. भिंतीवर यादी लावण्यामागचं निम्मं कारण ते आहे. चौकटीतून प्रत्येकाला आपलं आपलं उत्तर मिळतं. पूर्ण यादी कुणालाच दिसत नाही.

आणि सगळ्या याद्यांना शेवट हवाच असतो असंही नाही, हे मान्य करायला हवं. बोट सारत राहावं आणि कधी तळ येऊ नये, ही रचना 2006 मध्ये एझा रास्किन या अमेरिकी तंत्रज्ञाने आखली. मॅकिंटॉश संगणकाचं काम सुरू करणाऱ्या जेफ रास्किनचा हा मुलगा. पान उलटायचा त्रास वाचावा, इतकाच त्याचा हेतू. पुढे त्यानेच जाहीरपणे खंत व्यक्त केली, कारण पान उलटायचा त्रास गेला तसा थांबायचा क्षणही गेला. 2018 मध्ये इन्स्टाग्रामने गेल्या दोन दिवसांतलं सगळं पाहून झालं असं सांगणारी ओळ आणली. 2020 मध्ये त्याच ओळीखाली अनोळखी लोकांच्या पोस्ट दाखवायला सुरुवात केली. तळ दाखवला आणि तिथेच पुढे जायला दार काढलं.

गंमत म्हणजे तिथली उणीव आणि माझी उणीव कागदावर एकच आहे: तळाशी ओळ नसणं. पण करमणुकीच्या यादीला शेवट नसेल तर माणूस तिच्यातून सुटत नाही, आणि हक्काच्या यादीला शेवट नसेल तर माणूस तिच्यातून सुटून जातो. आमच्याकडे 'नाव सुटलं' म्हणतात ते याच अर्थाने. पहिल्या प्रकारावर जगभर पुस्तकं निघाली, कारण त्यात अडकणारे पुस्तकं लिहिणारेही आहेत. दुसऱ्या प्रकारात अडकणारा माणूस व्यापाऱ्याला धान देतो आणि घरी जातो.

शेवटाजवळच्या माणसाची ही गत गोंदियात नवी नाही. इटियाडोहचा कालवा ज्यांच्या शेतापर्यंत जेमतेम पोचतो त्यांना इथे 'टेलचे शेतकरी' म्हणतात. पाणी सुटल्याची नोंद माथ्याला होते. पाणी पोचलं का, हे टेलला कळतं. सिंचनाच्या कागदांत पाणी आधी टेलला आणि मग माथ्याकडे द्यावं असं तत्त्व सांगितलेलं आहे, आणि ते ज्याने पहिल्यांदा लिहिलं त्याला नक्कीच माहीत असणार की उलट दिलं तर टेलचा वाटा नेहमी 'अजून यायचं आहे' आणि 'आता येणार नाही' यांच्या मध्ये लटकतो. वीस-वीस नावांच्या यादीतही माथ्याचे वीस जण कधीच लटकत नाहीत. त्यांचं नाव तुटक्या नेटवरही येतं. नोंदणीच्या दिवशी जो लांबून, बस पकडून, उशिरा पोचला त्याचाच नंबर खालचा, आणि रेंजही त्याच्याच गावात नाही.

याच संदर्भात एक कारागिरीची बाब सांगतो, कारण ती फार ॲप्समध्ये दिसते. पडद्याच्या तळाशी कायम चिकटून राहणारी पट्टी ठेवली आणि यादीखाली तेवढीच मोकळी जागा सोडली नाही, तर शेवटचं नाव त्या पट्टीखाली झाकलं जातं. यादीत ते असतं, मोजणीत असतं, दिसत मात्र नाही. चाचणी करणारा वरची पाच नावं पाहून 'बरोबर आहे' म्हणतो. 'अंत्योदय' हा शब्द आपल्या रेशनकार्डावर छापलेला असतो. 2000 साली योजना सुरू झाली तेव्हापासून गावोगाव तो रुळला आहे. शेवटच्या माणसाचा उदय, हा त्याचा अर्थ. चाचणी करताना आधी तळाचं नाव पाहायचं, ही सवय मला त्या हंगामानंतर लागली.

तर तिसऱ्या वेळी काय केलं ते सांगतो. फोनला आधीच कळवायचं की एकूण नावं किती. मग शेवट ओळखण्यासाठी त्याला शांततेवर अवलंबून राहावं लागत नाही. हातात आलेली नावं मोजायची आणि एकूण आकड्याशी ताडून पाहायची. सगळी आली असतील तर: '213 पैकी 213 नावं. यादी इथे संपली.' नसतील तर: '213 पैकी 40 नावं आली आहेत. पुढची आणता आली नाहीत.' त्याखाली पुन्हा आणायचं बटण, आणि यादी किती तारखेच्या किती वाजेपर्यंतची आहे ते.

ही दुसरी ओळ सचिवांना आवडली नाही. ॲप बिघडलंय असं वाटतं, म्हणाले. आधी कसं स्वच्छ दिसत होतं. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. आपल्या उणिवेची पाटी आपणच तळाशी लावायची, ही कुठल्याही कार्यालयाला न सुचणारी गोष्ट आहे. मी त्यांना सारस पक्ष्यांच्या गणनेचं उदाहरण दिलं. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः आपल्याच जिल्ह्यात, काही दशकांच्या घरात. दर उन्हाळ्याच्या शेवटी लोक पहाटे बांध्यांवर आणि तलावांवर जाऊन ते मोजतात. त्या गणनेतून खरं तर 'दिसले ते इतके' एवढंच म्हणता येतं. 'आहेत ते इतके' असं वाचलं की एखादी जोडी कागदावरून नाहीशी होते, आणि कागदावर नसलेल्या घरट्याभोवतीचं शेत कुणी राखत नाही. सचिव हसले. "शेतकरी सारस थोडीच आहे," म्हणाले, पण ओळ राहू दिली.

एका बाबतीत मात्र आमचं जमलं नाही. तळाच्या ओळीत तारीख आहे, वेळ आहे, आकडा आहे. मी म्हटलं, खाली एक नावही हवं. भिंतीवरच्या यादीखाली तुमची सही असते, तशीच. यादी पूर्ण आहे असं जर लिहायचं, तर ते कोण म्हणतंय? ते म्हणाले, संस्थेचं नाव आहे ना वर. मी म्हटलं, वर असणं वेगळं. त्यांनी विचार केला, चष्मा पुसला, मग म्हणाले, "तुमचंच लिहा ना जी, तुम्हीच बनवलं आहे."

मी अजून लिहिलेलं नाही. माझ्याकडे नोंदणीची वही नसते. 213 हा आकडा बरोबर आहे की नाही हे मला कळायचं काही साधन नाही. त्यांच्याकडे वही असते, पण ॲप फोनवर काय दाखवतं यावर त्यांचा विश्वास नाही. गेल्या हंगामात काकांचा फोन आला होता. आता ते यादी उघडली की आधी थेट तळाशी जातात, ती ओळ वाचतात आणि मग वर येतात. नाव सापडलं होतं, 31 व्या क्रमांकावर. खालची ओळ कोण लिहितं, असं त्यांनी विचारलं. यंत्र लिहितं, म्हणालो. "यंत्राले कोन सांगते?" म्हणाले. मी त्यांना सचिवांचा नंबर दिला.